दिवाळीआधी डेक धुवा, तेल दिवाळीनंतर लावा



परवाच्या व्हिडिओत मी बोलता बोलता सांगून गेलो, की दिवाळीच्या आधी डेकला तेल लावून द्यायची तारीख मी कुणालाच देत नाही, गिऱ्हाईक कितीही पैसे वाढवून देऊ दे. व्हिडिओत ते दहा सेकंदांत निघून गेलं. पण ज्यांना या धंद्यात उतरायचंय त्यांच्यासाठी खरी गोष्ट तीच आहे, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी धंदा काय आहे ते थोडक्यात. लोणावळा, पवना, मुळशी, अलिबाग, महाबळेश्वर, या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत वीकेंड व्हिला आणि होमस्टे भरपूर झालेत. स्विमिंग पूलच्या कडेला, गच्चीवर, दरीच्या बाजूला लाकडी डेक असतो, कारण पाहुणे तिथेच फोटो काढतात. हा डेक पावसात हिरवा पडतो, मग काळा पडतो, आणि दोन-तीन वर्षं कुणी बघितलं नाही तर फळ्या सुटायला लागतात. साफसफाई, घासणं आणि तेल लावणं, एवढंच काम. भांडवल कमी लागतं. माझं पेंट-हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे मी याच्यात ओघानेच आलो. लोक डेक ऑइल न्यायला यायचे आणि विचारायचे, "लावून देणारा कोणी आहे का?" बीबीए करताना मार्केटिंगच्या वर्गात 'डिमांड ओळखा' असं शिकवलं होतं, इथे डिमांड स्वतःच काउंटरवर येऊन उभी होती.

धंदा सुरू केला आणि २०१९ च्या दिवाळीत तोंडावर आपटलो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. मी हिशोब केला, की सप्टेंबर संपला की पाऊस संपला, हातात जवळजवळ चार आठवडे आहेत. अकरा व्हिलांचे अ‍ॅडव्हान्स घेतले. आठवत असेल तुम्हाला, २०१९ ला पावसाने पाठ सोडलीच नव्हती. एरवी सप्टेंबरमध्ये राजस्थानातून परत फिरायला लागणारा मान्सून त्या वर्षी ९ ऑक्टोबरला परत निघाला. आणि तो गेला म्हणेपर्यंत दिवाळीच्या ऐन आठवड्यात अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ आलं. शेतकऱ्यांचं हातातोंडाशी आलेलं पीक गेलं त्या ऑक्टोबरात, त्यापुढे माझं नुकसान काहीच नाही. पण धंदा शिकायचा म्हणून सांगतो.

मालकांचे फोन सुरू झाले. पाहुणे येणार, दिवाळीचं बुकिंग आहे, डेक कधी होणार? माझी पोरंही थकलेली. एक दिवस ऊन पडलं की पोरगं विचारायचं, "दादा, वरून सुकलंय, मारून टाकू का?" मी 'हो' म्हणालो. एकदा नाही, चार ठिकाणी म्हणालो. फळी वरून सुकलेली दिसत होती, हाताला कोरडी लागत होती. आतमध्ये चार महिन्यांचं पाणी तसंच होतं.

डिसेंबरमध्ये एका केअरटेकर काकांचा फोन आला. म्हणाले, "दादा, डेक पायाला चिकटतोय, आणि काळे ठिपके आलेत." जाऊन बघितलं. तेल आत मुरलंच नव्हतं, वरच चिकट राहिलं होतं, त्याच्यावर धूळ बसली होती आणि खाली बुरशी वाढली होती. हळूहळू चारही ठिकाणांहून तीच तक्रार आली. चारही डेक फुकट परत करून दिले. तेल खरवडून काढणं हे तेल लावण्यापेक्षा दुप्पट किचकट काम आहे, हे तेव्हा कळलं. त्यातल्या एका मॅडमनी काम पूर्ण होईपर्यंत एक शब्दही वाईट काढला नाही, पण नंतर परत कधी फोनही केला नाही. त्यांच्या ओळखीत अजून सहा व्हिला होते.

आता पैशात बघू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या भागात वेगळे असतील. समजा ४०० चौरस फुटांचा डेक आहे आणि सगळं धरून चौरस फुटाला ६० रुपये घेतले. म्हणजे २४,००० रुपये. दोन माणसं पाच दिवस, हजेरी ८०० धरली तर ८,००० मजुरी. तेलाचे दोन हात, एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० चौरस फूट धरले तर ८ लिटर, ७०० च्या भावाने ५,६००. क्लीनर, पॉलिश पेपर, ब्रश, गाडीभाडं मिळून २,४००. खर्च झाला १६,०००, हातात राहिले ८,०००. तेच काम परत करावं लागलं तर पुन्हा किमान १६,००० जाणार आणि येणार शून्य. म्हणजे एक बिघडलेला डेक स्वतःचा नफा खातोच, शिवाय शेजारच्या एका चांगल्या डेकचाही खातो. मी चार बिघडवले. अकरामधून चार गेल्यावर उरलेल्या सातांतून किती राहिलं असेल, ते तुम्हीच काढा.

तर माझं म्हणणं असं आहे, की या धंद्यात दर काय लावायचा यापेक्षा तारीख काय द्यायची, हे आधी ठरवायला पाहिजे. आणि तारीख देताना आपण दिवाळीकडे बघतो, तिथेच चुकतो. दिवाळी पंचांगाने सरकते, पाऊस तसा सरकत नाही. मुंबई परिसरातून मान्सून परत जाण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. आता लक्ष्मीपूजनाच्या तारखा बघा. २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये ८ नोव्हेंबर, आणि २०२८ मध्ये थेट १७ ऑक्टोबर. म्हणजे एखाद्या वर्षी पाऊस गेल्यावर महिनाभर मिळतो, एखाद्या वर्षी नऊ दिवस. पण गिऱ्हाईक मात्र दरवर्षी एकच वाक्य बोलणार, "दिवाळीच्या आधी करून द्या."

याच्यावर मी जो उपाय काढला तो अगदी साधा आहे. धुणं आणि तेल लावणं ही दोन वेगळी कामं करून टाकली, दोन वेगळ्या तारखा, दोन वेगळी बिलं. धुतलेला डेक दिसायला छानच असतो. शेवाळं गेलं, काळेपणा गेला, लाकडाचा रंग वर आला, की मालकाला दिवाळीसाठी जे पाहिजे ते नव्वद टक्के मिळालं. तेल हे लाकूड टिकण्यासाठी आहे, त्याला मुहूर्त लागत नाही. "मॅडम, दिवाळीला डेक स्वच्छ मिळेल आणि कोणी घसरणार नाही, याची गॅरंटी देतो. तेल दिवाळीनंतर, लाकूड आतून सुकल्यावर," असं सरळ सांगितलं की दहापैकी आठ जण ऐकतात. दोन जण दुसऱ्याकडे जातात. जाऊ द्या.

सुकलंय की नाही, हे हाताने ठरवायचं नाही. लाकडातला ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर मिळतं, दोन टोकदार पिना असलेलं, ते पहिल्याच महिन्यात घ्या. साधारण १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की मी तेलाला हात लावतो. मोजायचं ते सावलीतल्या फळीवर, झाडाखालच्या कोपऱ्यात. उन्हातली फळी नेहमी तुमच्या मनासारखं सांगते. मीटर नसेल तर फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा, ते लगेच शोषले गेले तर ठीक. पण हा आपला कच्चा अंदाज झाला.

व्हिलांच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. शुक्रवार ते रविवार पाहुणे असतात. म्हणजे तुमचा आठवडा सोमवार ते गुरुवार, चारच दिवसांचा. या चार दिवसांत धुऊन, सुकवून, घासून, तेलाचे दोन हात मारून मोकळं व्हायचं म्हटलं तर कुठेतरी चोरी करावीच लागते, आणि ती सुकवण्यातच होते, कारण तिथे काम चालू असलेलं दिसत नाही. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यात सोमवार-मंगळवारी धुतो आणि निघून येतो. वीकेंडला पाहुणे कोऱ्या लाकडावर फिरतात, काही बिघडत नाही (बार्बेक्यूचं तेल सांडलं तर बिघडतं, तेवढं केअरटेकर काकांना सांगून ठेवायचं). पुढच्या आठवड्यात सोमवारी हलका पॉलिश पेपर आणि तेलाचा पहिला हात, मंगळवारी दुसरा, आणि शुक्रवारपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. मधल्या दिवसांत तीच टीम दुसऱ्या डेकवर असते. एका वेळी दोन-तीन डेक असे जिन्यासारखे मागेपुढे चालवायचे. वेळ वायाही जात नाही आणि लाकडाला हवे तेवढे दिवस मिळतात.

आता कामाच्या वेगाबद्दल. यावर माझं काही प्रशिक्षक मित्रांशी पटत नाही. ते सांगतात, मोठं मशीन घ्या, दिवसाला जास्त चौरस फूट काढा, व्हॉल्यूम वाढवा. फरशी किंवा पार्किंगच्या काँक्रीटसाठी बरोबर आहे ते. लाकडाचं तसं नाही. गाड्या धुवायचं नेहमीचं प्रेशर वॉशर १०० बारच्या पुढे पाणी मारतं. ते जवळून मारलं की शेवाळ्याबरोबर लाकडाचा मऊ भागही निघतो, रेषा पडतात आणि फळीवर कुसं उभी राहतात. पाइनचा डेक असेल तर फारच. सागवान थोडं सहन करतं, पण थोडंच. मग ती कुसं काढायला सँडिंगचे दोन दिवस वाढतात. सकाळी वाचवलेले चार तास दोन दिवसांनी फेडावे लागतात.

माझी पद्धत हळू आहे. आधी फळ्यांमधल्या फटी पत्तीने मोकळ्या करायच्या. तिथे पानं आणि माती अडकून बसते, पाणी खाली उतरत नाही आणि खालचा सांगाडा कुजायला लागतो. हे काम कुणालाच आवडत नाही आणि ते फोटोतही येत नाही, पण मी तिथूनच सुरू करायला लावतो. मग ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर पाण्यात मिसळून डेकवर टाकायची, पंधरा-वीस मिनिटं ओली ठेवायची, आणि ब्रशने रेषेच्या दिशेने घासायचं. तारेचा ब्रश नको, तारेचे तुकडे लाकडात राहतात आणि गंजून काळे डाग पडतात. नंतर पाणी मारायचं ते कमी दाबाने, पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलने, फळीपासून फूटभर लांबून. जुने काळे डाग असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी, आणि ते परत भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. अशाने दोन माणसांचा दिवसाला २५० ते ३०० चौरस फुटांचा वेग पडतो. मला तो पुरतो.

इथे दोन गोष्टी जरा दरडावून सांगतो. नेहमीचं क्लोरीनवालं लिक्विड ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नये, बादलीत नाही आणि डेकवरही नाही. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पोरांना हातमोजे आणि चष्मा द्या, आणि ते घालतात की नाही बघा. दुसरं, जवसाच्या तेलासारखं सुकणारं तेल ज्यात असतं अशा डेक ऑइलची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशी फडकी सुकताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा मोकळ्यावर पसरून सुकवा. तेलाची फडकी चुरगळून तशीच टेंपोत टाकणारी पोरं मी बघितलीत.

आणि हो, कोटेशन देण्याआधी डेक खरंच लाकडाचा आहे का ते बघा! निम्म्या ठिकाणी मालक 'वुडन डेक' म्हणतात आणि असतं डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण. त्याला तेल पीत नाही. ते फक्त धुवायचं. न बघता फोनवर दर सांगितला तर आठ लिटर तेल घेऊन जाल आणि तसेच परत याल.

दिवाळी झाली की तेलाचा खरा हंगाम सुरू होतो आणि साधारण १५ डिसेंबरपर्यंत चालतो. त्यानंतर ख्रिसमस आणि थर्टी फर्स्टची बुकिंगं लागतात, व्हिला मोकळा मिळत नाही. थंडीत घाटमाथ्यावर सकाळी दव असतं, त्यामुळे दहाच्या आधी तेलाचा डबा उघडायचा नाही, आणि दुपारी तीन-साडेतीनला ब्रश खाली ठेवायचा, म्हणजे संध्याकाळचं दव पडण्याआधी तेल मुरतं. पोरांना वाटतं शेठ आज लवकर सोडतोय, खूश होतात. मार्चमध्ये रंगाचे डाग काढायचं काम येतं, त्याचे वेगळे पैसे घ्या. एप्रिल-मेमध्ये दुसरा छोटा हंगाम असतो, पावसाआधी तेलाचा एक हात आणि ढिले स्क्रू कसणं. तेव्हा उलटी वेळ, सकाळी लवकर काम करून अकराला थांबायचं. तापलेल्या फळीवर क्लीनर काम करण्याआधीच वाळतो आणि तेलाचे पट्टे उमटतात.

या दुसऱ्या हंगामाची शेवटची तारीख मी आधी २५ मे धरायचो. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, नेहमीच्या ११ जूनच्या जवळजवळ पंधरा दिवस आधी, आणि त्याच्याही आधीपासून पाऊस चालू होता. आता मी १० मे नंतर तेल घेत नाही.

मला माहितीय, काही जण म्हणतील, "सर, तुमचं दुकान आहे, तुम्हाला नाही म्हणायला परवडतं. आमच्या डोक्यावर मशीनचा हप्ता आहे." बरोबर आहे, २०१९ मध्ये मीही अकरा अ‍ॅडव्हान्स घेतले ते पावसाळ्याचे चार महिने भरून काढायलाच. पोरांना जून ते सप्टेंबर घरी बसवलं तर ती ऑक्टोबरला परत येत नाहीत. मग ऑक्टोबरात सगळं वसूल करायची घाई होते, आणि तीच घाई लाकडात उतरते. याच्यावर दोन गोष्टी मला उपयोगी पडल्या. एक, पहिल्या वर्षी मशीन विकत घेतलंच नाही, भाड्याने आणलं. दुसरी गोष्ट खूप उशिरा सुचली, पावसाळ्याचा मासिक करार. पावसात तेल लावता येत नाही, पण शेवाळं घासता येतं, आणि पूलच्या कडेला पाहुणा घसरला तर काय होईल ही भीती मालकाला जुलैमध्येच वाटते. महिन्यातून दोन वेळा जायचं, ब्रशने डेक घासायचा, फटी मोकळ्या ठेवायच्या. पैसे थोडे मिळतात, पण दोन पोरांची हजेरी निघते, आणि ऑक्टोबरला तो डेक आधीच अर्धा स्वच्छ असतो.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे ऑक्टोबरअखेर काही डेक सुकून तयार होतीलही. मीटरचा आकडा बसला तर मी लावीन तेल, हटून बसणार नाही. फक्त आधी कबूल करणार नाही. सध्या माझ्या कोटेशनवर दोन रकाने आहेत. पहिल्यात धुण्याची तारीख लिहितो आणि ती पाळतो. दुसऱ्यात तेलाची तारीख लिहीत नाही, तिथे छापलेलंच आहे, 'ओलावा १५ टक्क्यांखाली आल्यावर, दोन दिवस आधी फोन करून'. अ‍ॅडव्हान्स फक्त पहिल्या रकान्याचा घेतो. कोटेशनचा नमुना पुढच्या रविवारच्या व्हिडिओत दाखवतो, तोपर्यंत तुमच्या भागातले पाच डेक नुसते बघून या, आणि त्यातले खरे लाकडाचे किती निघाले ते मला कळवा.